भाऊच्या हातातला दोर

विहिरीत मोटार सोडायचा नायलॉनचा दोर असतो ना, जाड, निळा, हाताला काचणारा, तो माझ्या होडीच्या मागच्या कडीला बांधलेला होता. दुसरं टोक काठावर माझ्या थोरल्या भावाच्या हातात. मी पन्नाशीला टेकलेली बाई. मेहकरला शाळेत गणित शिकवते, दंगा करणारा वर्ग नुसत्या नजरेने गप्प करते. आणि रविवारी सकाळी मी धरणाच्या पाण्यात खुंट्याला बांधलेल्या म्हशीसारखी घिरट्या घालत होते. ही गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. ती आठवली की अजून माझं डोकं फिरतं, आणि ते शांत करायची मला काही घाई नाही.

आधी होडीचं सांगते. जानेफळच्या बाजूला आमचं माहेर आहे आणि भावाच्या शेताच्या खालच्या अंगाला धरणाचं पाणी लागतं. शेजारच्या गावचा एक माणूस नौदलातून निवृत्त होऊन परत आला. तिकडे तो जहाज चालवत होता की भांडार सांभाळत होता, कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं. गावाने त्याला कॅप्टन म्हणायला सुरुवात केली आणि त्यानेही कधी नाही म्हटलं नाही. शेतीत त्याचा जीव रमेना. मग त्याने कुठून तरी दोन जुन्या फायबरच्या शिडाच्या होड्या आणल्या, कापसाच्या ट्रकवर उलट्या पालथ्या घालून. परवानगीच्या कागदांसाठी बरेच खेटे घातले आणि सांगितलं, ज्याला हौस असेल त्याने रविवारी यावं, मी शिकवतो.

आमच्या भागात शिडाला शब्दच नाही. लोक त्याला ताडपत्री म्हणत. ‘कॅप्टनची ताडपत्री’ बघायला बांधावर गर्दी जमायची, सोबत शेंगा-फुटाणे असायचे. शिकायला मात्र आम्ही तिघंच. एक मेडिकलवाला, एक वकील आणि मी.

मला का शिकायचं होतं, हे मला सगळ्यांनी विचारलं. वकिलाला कुणी विचारलं नाही. तर सांगते. एकदा माहेरी गेले असताना संध्याकाळी मी कॅप्टनला पाण्यावर पाहिलं. वारा समोरून येत होता आणि हा माणूस त्याच वाऱ्यावर, तिरका तिरका जात, वारा येत होता त्याच बाजूला पुढे सरकत होता. इंजिन नाही, वल्हं नाही, आवाज नाही. इतकी वर्षं मुलांना कोन शिकवले, पण कोनाचा असा उपयोग मी कधी पाहिला नव्हता. पलीकडच्या काठावर एक पळस आहे. कॅप्टन त्याच्या सावलीला शीड लावून परत आला. मी तिथेच ठरवलं, मला एकटीने त्या पळसापर्यंत जाऊन यायचंय. बाकी काही नको होतं.

नवऱ्याला सांगितलं, तर पेपर बाजूला न करता तो म्हणाला, “तुझ्या भावाला विचार. पाणी त्याच्या शेताला लागून आहे.” जणू धरण भावाच्या सातबाऱ्यावर होतं. पण विचारावं लागलंच, कारण कॅप्टनच्या होड्या राहायच्या भावाच्या गोठ्यात. गोठा त्याचा, पाण्याकडे जाणारी वाट त्याची, म्हणजे शिकवणीही निम्मी त्याचीच झाली होती.

“काऊन वं, ह्या वयात काय सुचलं तुले?” भाऊ म्हणाला.

“ह्या वयातच सवड भेटली,” मी म्हटलं.

“लोकं काय म्हणतीन?”

“वकिलाले काय म्हणून राह्यले?”

तो गोठ्याकडे वळला. मला वाटलं, जिंकले. पहिल्या रविवारी ओढणी घरी ठेवून, पायात जुने कॅनव्हासचे बूट घालून आणि कॅप्टनने दिलेलं नारिंगी जाकीट चढवून मी काठावर आले, तर भाऊ खांद्यावर हा दोर घेऊन उभा. एक पुरणार नाही म्हणून त्याला दुसरा गाठवलेला. त्याने खाली वाकून होडीच्या कडीला टोक बांधलं, ओढून पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “दोर बांधल्याबिगर माही बहीण पाण्यात जात नसते.”

बांधावरच्या बायका कौतुकाने माझ्याकडे बघू लागल्या. मी कॅप्टनकडे पाहिलं. त्याने दाढी खाजवली. त्याला भावाचा गोठा दिसत असणार.

“ताई, शुरू शुरू में चलते. सवय झाली का सोडून टाकू.”

तेव्हाच मी घरी परत जायला हवं होतं, किंवा तिथेच भांडायला हवं होतं. पण होडी समोर होती, पाणी हलत होतं, आणि मला कसंही करून बसायचं होतं.

हा दोर कुठून आला, ते आमच्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. आमच्याकडे पोहणं विहिरीत शिकतात. पाठीला तेलाचा रिकामा डबा, कमरेला दोर आणि दोराचं टोक धरून वर एक माणूस. पोर बुडायला लागलं की वरून ओढायचं. ही पद्धत चांगलीच आहे. पण विहिरीतल्या पोराला कुठे जायचं नसतं, त्याला फक्त वर राहायचं असतं. होडीला जायचं असतं. तिने तिरकं व्हावं, वळावं, एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर यावं, तरच ती वाऱ्याच्या अंगावर चढते. मागे ओला, जड दोर लोंबत असला की ती वळतच नाही. अर्धी फिरते आणि वाऱ्यासमोर तोंड करून फडफडत उभी राहते. हे कॅप्टनला कळत होतं. मला पहिल्या तासाभरात कळलं. भावाला सांगितलं, तर तो म्हणाला, “मले नको शिकवू. मी तुले पोहणं शिकवलं.”

त्याने मला पोहणं शिकवलं, असं सगळं गाव म्हणतं. खरं काय झालं होतं ते मी सांगते.

आमच्या वरच्या शेतातल्या विहिरीवर बाबांनी डबा आणि दोर आणला होता तो भावासाठी. उन्हाळ्याची सुट्टी होती. भाऊ पायऱ्या उतरून खाली गेला आणि शेवटच्या पायरीला जो चिकटला तो चिकटलाच. बाबा ओरडले, मग मारायला धावले, मग त्याला पाण्यात ढकलायला लागले. तो बाबांच्या पायांना मिठी मारून रडला. मी वर बसून कैऱ्या खात होते. मी म्हटलं, मी उतरते. बाबांनी रागारागात डबा माझ्या पाठीला बांधला आणि दोर भावाच्या हातात दिला. “हे तरी कर,” असं म्हणाले. त्या सुट्टीत मी पोहायला शिकले, डबा सोडला, दोर सोडला, वरच्या कठड्यावरून उड्या मारायला लागले. भाऊ मात्र रोज विहिरीवर दोर धरून उभा. येणारे-जाणारे बघायचे, पोरगी पाण्यात आणि भाऊ वर. त्यांचा समज झाला की शिकवणारा हा. पुढच्या वर्षी बाबांनी माझं पोहणं बंद केलं. मोठी झाली म्हणाले. भाऊ पाण्यात कधीच उतरला नाही, तरी गावाच्या लेखी तो पट्टीचा पोहणारा झाला.

हे मला ठाऊक, त्याला ठाऊक, आणि बाबा गेल्यावर आणखी कुणाला नाही. मी कधी बोलले नाही. त्यात बोलण्यासारखं काही वाटलंच नव्हतं. भीती कुणालाही वाटू शकते. पण ज्याला गुडघाभर पाण्यात उभं राहवत नाही, त्याने मी पाण्यावर कुठवर जायचं ते ठरवावं, याने माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

रविवारमागून रविवार गेले. वकील पलीकडे जाऊन आला. त्याला पोहताही येत नव्हतं, होडी सरळ नेता येत नव्हती. जाताना दोनदा काठाच्या चिखलात रुतला आणि परत आल्यावर मोठी यात्रा करून आलेल्या माणसासारखे अनुभव सांगत बसला. मेडिकलवालाही जाऊन आला. त्यांच्या होडीला दोर नव्हता. मी विचारलं तेव्हा कॅप्टन म्हणाला, “ताई, त्यांचं कसं आहे, त्यांचा कोणी भाऊ काठावर नाही.” हे तो मला समजावणीच्या सुरात सांगत होता.

माझी हद्द कुठे होती, तर भावाच्या मोटारीच्या तराफ्यापर्यंत. आमच्याकडे धरणातून शेतात पाणी घ्यायला मोटार रिकाम्या ड्रमांच्या तराफ्यावर ठेवतात आणि तराफा पाण्यात नांगरून टाकतात. तिथे माझा दोर संपायचा. हिसका बसायचा आणि माझी मान मागे जायची. काठावरची पोरं हसायची. बायका म्हणायच्या, “भाऊ आहे म्हणून निभून राह्यलं. किती जीव आहे त्याचा बहिणीवर.”

आणि इथेच मी फसत होते. कारण मलाही थोडं तसंच वाटायचं. रागाने लाल होऊन घरी यायचे, आणि रात्री जेवताना वाटायचं, जाऊ दे, त्याला भीती वाटते. स्वतःला वाटते तीच माझ्यासाठी वाटत असेल. काळजीपोटी माणूस अडाण्यासारखं वागतो. असं म्हणून मी पुढच्या रविवारी पुन्हा त्या दोराला बांधून घ्यायला जायचे.

मग होडी आडवी पडायची गोष्ट झाली. संक्रांत होऊन गेली होती, वारा अचानक झोंबरा सुटला होता. मी तराफ्याच्या अलीकडे होते. वाऱ्याचा एक झोत आला, होडी कलली आणि जशी पळायला पाहिजे तशी छान पळायला लागली. मी अंग बाहेर टाकून बसले होते. त्या एका क्षणात मला सगळं जमत होतं. तेवढ्यात भावाने दोर ओढला. विहिरीतलं पोर बुडायला लागलं की ओढतात तसा, सगळी ताकद लावून. होडीचं मागचं अंग गर्रकन फिरलं, शीड वाऱ्याने भरलं, होडी आडवी झाली आणि मी पाण्यात.

पाण्यात पडायची मला भीती नव्हती. जाकीट होतं, पोहता येत होतं. पण दोर सैल पडून माझ्या पायाला गुंडाळला गेला होता, आणि भाऊ काठावरून आणखी ओढत होता. होडी एकीकडे, पाय दुसरीकडे. मी ओरडले, “सोड. दोर सोड.” तो ओरडत होता, “दोर धर. दोर धर.” शेवटी खाली वाकून, नाकातोंडात पाणी घेत मी पाय सोडवला. मग शिकवलं होतं तसं होडीच्या पोटातून खाली निघणाऱ्या मधल्या फळीवर उभी राहिले आणि सगळं वजन टाकून होडी उभी केली. कुणाची मदत नव्हती. कॅप्टन दुसऱ्या होडीतून येईपर्यंत मी आत बसून पाणी उपसत होते.

भाऊ पायाच्या घोट्यापर्यंत पाण्यात उतरला होता. तेवढाच.

काठावर आले तर माझ्याभोवती कोंडाळं. एक म्हातारी माझे हात चोळत म्हणाली, “दोर होता म्हणून वाचली माय. नाहीतर काय झालं असतं?” दुसरा म्हणाला, “भाऊच्या हातात होती म्हणून.” भावाने मान हलवली. मान हलवली त्याने. म्हणाला, “मी म्हणतच होतो, दोराबिगर नाही.” मी थरथरत होते आणि लोकांना वाटलं थंडीने. कॅप्टनकडे पाहिलं तर तो शीड गुंडाळण्यात फार गुंतलेला. ज्या दोराने मला पाडलं, त्या दोराची काठावर आरती चालली होती आणि मला तिथे चहा प्यावा लागला.  

पुढच्या रविवारी मी ठरवून गेले.

वारा बेताचा होता. भावाने नेहमीसारखा दोर बांधला, यावेळी दोन गाठी जास्त मारून. मी सरळ तराफ्यापाशी गेले. शीड सैल सोडून होडी थांबवली आणि तराफ्याचा लोखंडी दांडा धरला. ओल्या गाठी सोडवता सोडवता नखं दुखली. पण सुटल्या. मग ते टोक मी तराफ्याच्या दांड्याला बांधलं, त्याच्यासारखंच दोन गाठी जास्त मारून, आणि तराफ्याच्या आडून पलीकडे निघाले. भाऊ काठावर त्याची स्वतःची मोटार धरून उभा राहिला.

पुढचं काय सांगू. होडी वळली. पहिल्याच खेपेला, एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर, डोक्यावरून शिडाचा आडवा दांडा गेला आणि ती पुढच्या तिरक्या रेषेवर चालायला लागली. मागे काहीच ओढत नव्हतं. मी मोठ्याने शिव्या दिल्या, ज्या मी शाळेत पोरांना देऊ देत नाही. वाऱ्याच्या अंगावर, नागमोडी, मी पळसापर्यंत गेले. सावलीला शीड लावलं नाही, कॅप्टनची नक्कल नको वाटली. झाडाखाली एक बाई शेळ्या घेऊन बसली होती. तिने विचारलं, “कुठून आली वं बाई?” मी हात करून काठ दाखवला. ती म्हणाली, “एकटीच?” मी म्हटलं, “हाव.” इतकं बरं मला कितीतरी वर्षांत वाटलं नव्हतं.

परत फिरले तेव्हा लांबून काठ दिसला. गर्दी उभी होती, आणि पुढे भाऊ, दोर दोन्ही हातांनी ताणून. मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. म्हटलं, याला कळलंही नाही, बिचारा जीव मुठीत धरून उभा असेल. आता जाऊन समजुतीने सांगावं, हे बघ, मी बुडाले नाही, आता पुरे.

होडी काठाला लावली आणि उतरून त्याच्याजवळ गेले. दोर अजून त्याच्या हातात, तराफ्याकडे ताणलेला.

“मी कवाच सोडला होता तो,” मी हळू म्हटलं. “मोटारीले बांधून गेली मी. घाबरला होता का?”

तोही हळूच म्हणाला, “मले मालूम आहे. तू सोडला तवाच समजलं. मोटारीचा तराफा हाताले कसा लागते, हे मले नाही समजत का?”

“मग धरून काऊन उभा राह्यला?”

त्याने बांधाकडे डोळ्यांनी खूण केली.

“लोकं पाहून राह्यले ना.”

मला आधी नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. मग सगळं एकदम ऐकू आलं, विहिरीपासूनचं. मी पलीकडे एकटी होते, दोराशिवाय, त्याला ठाऊक होतं. त्याने कॅप्टनला दुसरी होडी घेऊन पाठवलं नाही, हाक मारली नाही. दोर ताणून उभा राहिला, म्हणजे मागून बघणाऱ्यांना वाटावं, आज त्याने दोर वाढवून दिलाय आणि टोक अजून माझ्याच होडीला आहे. इतके रविवार मी जी काळजी समजून गिळत होते, ती माझी कधी नव्हतीच.

मागून एक जण कौतुकाने म्हणाला, “भाऊनं बहिणीले पोहणं शिकवलं, आता हेबी शिकवलं.”

भाऊ हसला. तो हसला नसता तर कदाचित मी गप्प राहिले असते.

मी जाकीट काढलं आणि त्याच्या हातात दिलं, दोराच्या वर. आणि वर्गात बोलते त्या आवाजात बोलले, म्हणजे शेवटच्या बाकावर जातं असं. “पुढच्या बारीले दोर धरायचा असन तर आधी हे घाल. तुले पोहता येत नाही.”

बांधावरचे सगळे त्याच्याकडे बघायला लागले. भावाने मान खाली घातली. त्याने नाही म्हटलं नाही. मी बूट हातात घेऊन गोठ्यावरून रस्त्याला लागले.

चारचौघांत असं बोलायला नको होतं, असं मला नवऱ्याने सांगितलं, वहिनीने फोन करून सांगितलं, वकिलानेसुद्धा सांगितलं. सख्खा भाऊ आहे, वय झालंय त्याचं, म्हणाले. माझंही वय झालंय, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

त्यानंतरच्या रविवारी गोठा उघडा होता. दोर विहिरीवर परत गेला होता. मी होडी पाण्यात ढकलली आणि बसताना वर पाहिलं. भाऊ बांधावर एकटाच उभा होता, रिकामे हात कुठे ठेवावेत ते न कळल्यासारखा, कधी पाठीमागे, कधी खिशात. मला वाटतं मी हात करावा म्हणून तो थांबला होता. लोक अजून आले नव्हते.

मी शीड ओढून घेतलं आणि पळसाकडे निघाले.